पाणी आलं

आमच्या गावात 'पाणी आलं' ही जगातली सगळ्यात आनंदाची आरोळी आहे. नळाला दिवसाआड पाणी येतं, तेही त्याच्या मर्जीनं. कुणीतरी गल्लीच्या तोंडाशी ओरडतं आणि बायका हातातलं काम टाकून घागरी घेऊन धावतात.

गाव वेदगंगेच्या काठी, कर्नाटकाच्या हद्दीत. मी निपाणीत कॉलेजात इंग्रजी शिकवते. आई गावात एकटी राहते, खालच्या गल्लीत, नदीला सगळ्यात जवळच्या घरात. मागच्या मोठ्या महापुरात ती कमरेएवढ्या पाण्यातून, म्हशीचं दावं हातात घट्ट धरून बाहेर आली होती. तेव्हापासून पावसानं जोर धरला की माझा जीव टांगणीला लागतो. निपाणीला ये म्हटलं की म्हणते, "आन म्हस तुझ्या तिसऱ्या मजल्यावर बांधू व्हय?" त्याचा मला जास्तच राग येतो.

त्यामुळे शाळेवर भोंगा बसणार असं कळल्यावर मला हायसं वाटलं. हवामान बदलाचा मार खाणाऱ्या गरीब देशांसाठी श्रीमंत देशांनी एक निधी उभा केला आहे. त्यातून एका संस्थेमार्फत आमच्या मराठी शाळेच्या छतावर पुराचा इशारा देणारा भोंगा आला. आईला हे समजावून सांगितलं, तर म्हणाली, "धूर त्यांनी केला म्हणून पैसं देत्यात? बरी मानसं हाईत की." ते इतकं सरळ नाही, देण्याच्या गोष्टी जास्त आणि देणं कमी, हे मी सांगत बसले नाही.

खरा प्रश्न पुढच्या पैशांचा होता. पुलाच्या खांबावरच्या लाल पट्टीला पाणी लागलं की भोंगा वाजवायचा, अशी सोय होती. पण पट्टीला पाणी लागल्यावर खालच्या गल्लीला जेमतेम अंगावरच्या कपड्यानिशी निघायला वेळ मिळतो. नदीची पातळी मोजणारं यंत्र वर, महाराष्ट्राच्या हद्दीत बसलं असतं तर इशारा काही तास आधी मिळाला असता. ते यंत्र द्यायचं की नाही हे ठरवायला निधीच्या एक बाई युरोपातून येणार होत्या. भोंगा ऐकून गल्ली रिकामी होते का, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. वेळ गावाला आधी सांगायची नाही, ही त्यांची अट. दुभाषी म्हणून संस्थेनं मला बोलावलं.

आम्ही तिघं शाळेच्या कट्ट्यावर उभे होतो. पाहुण्या बाई, संस्थेचा समन्वयक आणि मी. तिथून खालची गल्ली सरळ दिसते. समन्वयकानं बटण दाबलं आणि भोंगा वाजला. कुणी मानसुद्धा वर केली नाही. साखर कारखान्याचा भोंगा रोज पाळी बदलताना वाजतो, त्यातलाच हा एक, असं लोकांना वाटलं असणार. मग बेंगळुरूच्या स्टुडिओत भरलेला गोड आवाज आला, आधी कन्नडमधून आणि मग मराठीतून. "पाणी येत आहे. पाणी येत आहे. सर्वांनी त्वरित घराबाहेर यावे."

आणि सगळे बाहेर आले. पाइप फुटल्यामुळे तीन दिवस नळ कोरडा होता. बायका घागरी, बादल्या, हंडे घेऊन पळत सुटल्या, एकीच्या हातात तर दूध काढायची चरवी होती. पण त्या वर शाळेकडे येत नव्हत्या. आमचा नळ गल्लीच्या खालच्या टोकाला आहे. अख्खी गल्ली नदीच्या दिशेनं धावत होती, आणि सगळ्यांच्या पुढं माझी आई.



पाहुण्या बाईंनी विचारलं, "भांडी कशाला घेतली आहेत?" मी तोंड उघडायच्या आत समन्वयक इंग्रजीत म्हणाला, "आधी पिण्याचं पाणी भरून घ्यायचं, मग वर यायचं. आम्ही तसं शिकवलंय त्यांना." बाईंचा चेहरा खुलला. त्या फोटो काढू लागल्या. मी समन्वयकाकडे बघत राहिले. इतक्या सफाईनं खोटं बोलायला मला तरी जमलं नसतं.

तेवढ्यात आईनं मला कट्ट्यावर पाहिलं. रिकामी घागर कमरेवर घेऊन ती खालूनच ओरडली, "अगं ए! नळ कोरडा ठणठणीत हाय की! कोन बोंबलालंय वर पानी आलं म्हनून?"

"काय म्हणतायत त्या?" बाईंनी मला विचारलं.

"मॅडम, काहीतरी गोड सांगा," समन्वयक हळूच मराठीत म्हणाला. "वरचं यंत्र तुमच्याच आईसाठी आहे."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी गप्प बसले असते तर यंत्र आलं असतं, इशारा वेळेवर मिळाला असता, आणि आई घागर घेऊन नदीकडे पळाली असती. बोलले तर यंत्रच येणार नव्हतं. बाई वाट बघत होत्या. मी आईचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, 'बोंबलालंय'सकट.

बाईंनी कॅमेरा खाली घेतला. मग म्हणाल्या, "मग त्यांना काय सांगितलं तर त्या वर येतील?"

आईला वर बोलावलं. धापा टाकत आली. मी विचारलं, "म्हापुराच्या येळंला तू कशानं उठलीस?"

"तुझा चुलता वरडला की. जनावरं सोडा म्हनून."

"पूर आलाय म्हणाला नाही?"

"ते आनि कशाला सांगाय पायजे?" आई माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत होती. "जनावरं सोडा म्हटल्यावर थांबतंय कोन?"

माणसांना वाचवायचं तर जनावरांचं नाव कशाला, हे बाईंना समजावताना माझ्या नाकी नऊ आले. पण समजल्यावर त्यांनी तिथंच आईचा आवाज भरून घ्यायला सांगितलं. समन्वयकानं तोंड वाकडं करून मोबाइल पुढं धरला. आई अशी ओरडली की शेजारच्या गोठ्यातलं वासरू उठून उभं राहिलं. शेजारच्या काकूंनी तेच कन्नडमधून ओरडून दिलं.

निघताना बाई म्हणाल्या, "आजची चाचणी फसली असंच मला कळवावं लागेल. का फसली तेही कळवीन." मला त्यांचा राग आला नाही. परतताना गाडीत समन्वयक म्हणाला, "मॅडम, तुमच्या एका वाक्यानं यंत्राचे पैसे गेले."

"आणि तुमच्या एका वाक्यानं माझी आई गेली असती," मी म्हणाले.

भोंग्यात आवाज तेवढा बदलला. यंत्राचं विचारलं की संस्थेकडून उत्तर यायचं, प्रस्ताव विचाराधीन आहे. पुढच्या बैठकीत बघू, हद्दीपलीकडच्या परवानगीचंही बघू. बैठका कुठल्या कुठल्या देशांत होत होत्या. टीव्हीवर मोठमोठी माणसं हातात हात घालून उभी असायची आणि खाली 'सहकार्य' असं लिहून यायचं. हद्दीपलीकडं आमची सोयरीक ज्या गावांत आहे, तिथं नदीत एक यंत्र बसवायचं अडलं होतं.

यंदा पाऊस तसाच कोसळला. मी वर्गात होते. हद्दीपलीकडून मावशीचा फोन आला, "आमचा बंधारा दिसंना झालाय गं, आक्काला उठीव." मी आईला फोन लावला. तिनं उचलला नाही. पुन्हा लावला. हायवेवर पाणी आल्यानं गाड्या बंद झाल्या होत्या, मला जाताही येईना. वर्गातली पोरं माझ्याकडे बघत होती. चौथ्यांदा तिनं उचलला. मागून कानठळ्या बसवणारा आवाज येत होता. "जनावरं सोडा! जनावरं सोडा रं!" तिचाच आवाज होता. मला क्षणभर कळेना की फोनवर बोलतंय कोण.

"आई! निघालीस काय?"

"कवाच! शाळंत हाय. म्हस बी हाय. मीच वरडाय लागल्यावर न निघून चालंल व्हय?"

मी पोरांसमोर रडले, त्याची लाज वाटली नाही. आई पलीकडून खालच्या गल्लीकडे बघत असावी. मग म्हणाली, "घर गेलं बग. उंबऱ्याच्या वर चढलं." आणि नंतर, अगदी शांतपणे, "त्या तुझ्या गोऱ्या बाईला फोन लाव. म्हनावं, आता खरंच पानी आलं. पैसं कुठवर आल्यात, इचार तिला."