राख की गाठ

मुलुंडला आमच्या मजल्यावर शेवंतीबाई राहतात. तान्ह्या बाळांसाठी जुन्या साड्यांची दुपटी शिवून देतात. साडी कुणाचीही असो, आधी तिचा एक दोरा ओढून काडी लावणार. राख झाली तर सुती, ती घरात. वितळून गाठ झाली तर टेरिकॉट, ती परत. "प्लास्टिकात पोर गुंडाळतात काय?" हे मलाही ऐकवलंय, तेही माझ्या लाडक्या 'प्युअर कॉटन' साडीवरून. आठवडाभर मी फुगून होते.

त्यांचे यजमान दशरथराव गिरणीत साचेखात्यात विणकर होते. कापड नुसतं बोटांत धरून सुती की मिक्स ते सांगतो, हा त्यांचा तोरा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी गिरणीच्या दुकानातून बायकोला अंजिरी साडी आणली. शंभर टक्के सुती, त्यांचा शब्द. ती विरू नये म्हणून शेवंतीबाई वर्षातून एकदाच नेसायच्या. मुलीच्या बाळाचं पहिलं दुपटं हिचंच करायचं, हा हट्ट.

यंदा त्यांच्या श्रुतिकाला नववा लागला. साडी निघाली, कात्री निघाली. मी सुया ओवून द्यायला बसले होते.

"आई, सगळ्यांच्या साड्यांना काडी लावतेस ना?" श्रुतिका म्हणाली. "मग हिला पण लाव."

शेवंतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"लाव की," ते ऐटीत म्हणाले.

दोरा आक्रसला आणि टोकाला काळी, टणक गाठ उरली. मला तर दशरथरावांकडे बघवेना. माणूस आयुष्यभर ज्या बोटांच्या जिवावर मिरवला, तीच खोटी ठरली होती.

"बोटं चुकली गो," ते म्हणाले. आत गेले आणि गावच्या गणपतीला नेसायचं आपलं धोतर घेऊन आले. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. शेवंतीबाईंनी सवयीने त्याचाही दोरा जाळला. चिमूटभर राख पडली, तशी त्या हसल्या आणि दुपटं बेतायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी भाजीला निघाल्या त्या अंजिरी साडी नेसूनच.

"अगो, ती साडी बाजारात?" दशरथराव दारातून म्हणाले.

"विरेल म्हणून चाळीस वर्षं जपली. आता कळलं ना, ही आपल्या मागेसुद्धा राहील. तुम्ही आणलेली आहे, रोज नेसेन."