वाजवून घेतलेलं गाव

आमच्या मजल्यावर जिन्याला लागून टकटकराव राहायचे. हे नाव त्यांच्या तोंडावर कोणी घेत नसे, आणि पाठीमागे दुसरं कुठलं घेत नसे.

टकटकराव फरशीच्या कारखान्यात तपासनीस होते. भट्टीतून निघून गार झालेली फरशी डाव्या तळहातावर तोलायची, उजव्या हाताच्या बोटाचं पेर तिच्यावर टक् टक् वाजवायचं आणि कान लावायचा. खणखणीत वाजली तर पास. बद्द वाजली तर आत कुठेतरी डोळ्यांना न दिसणारा तडा, ती बाजूला. उभा जन्म त्यांनी हेच केलं. पुढे ते निवृत्त झाले, पण पेर काही निवृत्त झालं नाही. कलिंगड, कपाट, डॉक्टरांचं टेबल, काहीही ते वाजवल्याशिवाय मान्य करत नसत. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा सासऱ्यांनी प्रेमाने पाठ थोपटली म्हणून तो बिचारा गहिवरला. ती तपासणी होती, हे फक्त वहिनींना ठाऊक.

वहिनी म्हणजे टकटकरावांच्या सौभाग्यवती. घरी शिवणकाम करायच्या. हात असा की जुन्या पडद्याचा कोट शिवला तर पडदाच ओळख दाखवणार नाही. पण गेल्या दोन-तीन वर्षांत आमचं शहर वाढू लागलं, आणि ते नेमकं आमच्या खिडकीसमोर वाढू लागलं. एक इमारत पाडायची, दोन उभारायच्या, मधल्या वेळात रस्ता खणायचा. वहिनी सकाळी मशीन पुसायच्या आणि दुपारी त्यावर बोटाने नक्षी काढता यायची. मग खोकला लागला. सुईत दोरा ओवायला घेतला की खोकल्याची उबळ यायची. सुई एकीकडे, दोरा दुसरीकडे. डॉक्टर स्पष्टच म्हणाले, “औषधं देतो, पण औषध खरं म्हणजे जागा बदलणं. थंडीच्या आत ही धूळ सोडा. थंडीत हा खोकला छातीत उतरला तर मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही.”

टकटकराव दवाखान्याबाहेर येऊन मला म्हणाले, “याचा कुठे घरांचा धंदा आहे का हो? बघा जरा.”

तरी बायकोच्या खोकल्यापुढे त्यांचं काही चालेना. शहराबाहेर बसच्या शेवटच्या थांब्यांवर जी छोटी गावं आहेत, त्यांतलं एक निवडायचं ठरलं. आता माणूस गाव निवडतो म्हणजे काय करतो? घर बघतो, पाणी बघतो, भाडं विचारतो. टकटकरावांची पद्धत वेगळी. ते बसमधून उतरले की आधी औषधाच्या दुकानात जायचे.

“इथे सगळ्यात जास्त काय खपतं हो?”

त्यांचा हिशेब सरळ होता. पोटाचं औषध खपत असेल तर पाणी वाईट. झोपेची गोळी खपत असेल तर शेजार वाईट. डोकेदुखीची खपत असेल तर दोन्ही.

पहिल्या गावात घरमालक स्टँडवरच घ्यायला आला. त्याने पिशवी हातातून घेतली, पाणी पाजलं. टकटकरावांनी पिशवी परत घेतली आणि तीच बस पकडली. “एवढं आर्जव? घराखाली विहीर असणार, किंवा भूत.” दुसऱ्या गावात कोणी ढुंकून पाहिलं नाही. “अख्खं गाव गप्प म्हणजे अख्ख्या गावाला काहीतरी माहीत आहे.” वहिनी परतीच्या बसच्या खिडकीशी बसून खोकत होत्या. म्हणाल्या, “बोललं तरी संशय, नाही बोललं तरी संशय. लोकांनी करायचं तरी काय? गाणं म्हणायचं?”

“गाणं म्हणाले असते तर मी उतरलोच नसतो.”

तिसऱ्या गावात मात्र वहिनींचं मन बसलं. डोंगराच्या पायथ्याशी दोन-तीन आळ्या, एक शाळा, एक पोस्ट. पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई एकट्या राहायच्या. त्यांच्या घराचा वरचा मजला रिकामा होता. खिडकी उत्तरेला, समोर नुसतं शेत. वहिनी त्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी एक लांब श्वास घेतला. मध्ये खोकला आला नाही. त्या नुसत्या वळून नवऱ्याकडे बघत राहिल्या.

टकटकराव त्या वेळी भिंतीला कान लावून उभे होते. टक् टक्.

“भिंत खणखणीत आहे,” ते कुजबुजले. “म्हणजे गडबड दुसरीकडे आहे.”

आणि ते ती गडबड शोधायला खाली उतरले. औषधवाल्याने सांगितलं, “खास असं काही खपत नाही. लोक येतात, बसतात, गप्पा मारून जातात.” हे तर फारच भयंकर. औषधं खपत नाहीत आणि दुकान चालतंय! मागच्या दाराने काय विकतो हा? मग न्हाव्याकडे जाऊन त्यांनी कारण नसताना दाढी करवून घेतली आणि साबणाच्या फेसातून चौकशी केली: नळाला पाणी कधी येतं, शाळेची घंटा किती मोठी वाजते, वरच्या मजल्यावरचे आधीचे बिऱ्हाडकरू का गेले. “पोराकडे परदेशी गेले,” न्हावी म्हणाला. “असं का,” टकटकराव म्हणाले, आणि त्या ‘असं का’मध्ये दोन खून आणि एक दरोडा होता. परतताना वाटेतल्या आणखी तीन-चार घरांच्या भिंतीही त्यांनी जाता जाता वाजवल्या. एक घर खणखणीत असून भागत नाही, आळी कशी आहे ते कळायला हवं ना!

घोळ झाला तो इथे.

वर्षापूर्वी शहराकडून एक माणूस याच आळीत आला होता. तोही असाच हिंडला, असाच गोड बोलला, भिंतींवर हात फिरवून गेला. त्याच्यामागून रस्ता रुंद करणारे आले आणि कोपऱ्यावरची घरांची सगळी रांग त्या रस्त्यात गेली. तेव्हापासून परक्या माणसाने भिंतीला नुसती पाठ टेकली तरी अख्ख्या आळीत कुजबुज सुरू होते. आणि हे गृहस्थ तर कान लावत होते! टकटकराव न्हाव्याच्या खुर्चीतून उतरून बाईंच्या दारी पोचायच्या आत त्यांची कीर्ती तिथे पोचली होती.

दारात बाई उभ्या होत्या. सकाळचं हसू गेलं होतं.

“मजला द्यायचा नाही,” त्या म्हणाल्या. “माझा विचार बदलला.”

“बघ!” टकटकराव रस्त्यावर येताच वहिनींना म्हणाले. “मी म्हणत नव्हतो? काहीतरी लपवतायत.”

वहिनी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बसमध्ये सगळी वाट खिडकीबाहेर बघत बसल्या. शहराची धूळ सुरू झाली तशा खोकू लागल्या. घरी आल्यावर त्यांनी मशीनवर चादर टाकली आणि म्हणाल्या, “आता तुम्हीच बघा. मी कुठे येणार नाही बघायला.” चादर दुसऱ्या दिवशी निघाली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. हवेत गारवा यायला लागला होता. टकटकराव माझ्याकडे येऊन बसायचे आणि माझं टेबल वाजवायचे. पण कान लावायचे नाहीत. तेव्हा मला कळलं की माणूस घाबरला आहे.

आणि मग एका सकाळी माझ्या दारावर थाप पडली. दारात हातात छत्री घेतलेल्या एक ठेंगण्या बाई. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझं घर दारातूनच या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतलं.

“तुम्ही शेजारी ना? खरं सांगा. खोटं बोललात तर मला कळतं. आयुष्यभर मी बंद पाकिटं हाताळली आहेत.”

त्या पोस्टातल्या बाई! घर बघायला गेल्या दिवशी वहिनींनी दिलेला पत्ता घेऊन टकटकरावांची चौकशी करायला त्या बस पकडून आल्या होत्या. आमच्या खालच्या औषधवाल्याकडे जाऊन आल्या होत्या (“खोकल्याचं औषध नेतात म्हणे, तेवढंच. झोपेची गोळी नेत नाहीत. एवढा संशयी माणूस झोपतो कसा?”). आमच्या न्हाव्याला गाठलं होतं. जिन्याच्या कठड्यालाही बहुधा हलवून पाहिलं असावं.

“हा माणूस कुणासाठी काम करतो?”

“कारखान्यात होते. फरशा वाजवायचे. आता मिळेल ते वाजवतात.”

“रस्तेवाल्यांचा नाही?”

“बाई, रस्तेवाल्यांनी यांना ठेवलं असतं तर शहरात आजवर एकही रस्ता पास झाला नसता.”

बाईंच्या तोंडाचा कोपरा किंचित हलला. “मलाही आमच्या गावच्या न्हाव्याचं बोलणं ऐकून तसंच वाटलं. त्या मागच्या माणसाने विचारलं होतं ते फक्त कुठलं घर रस्त्याच्या किती जवळ आहे. हा विचारतो नळाला पाणी कधी येतं आणि शाळेची घंटा केवढी वाजते. जो पाडायला येतो, त्याला घंटेचं काय?” मग पलीकडून खोकल्याची उबळ ऐकू आली. बाईंनी तिकडे कान दिला. “त्याच का त्या? खिडकीत उभ्या होत्या त्या?”

मी मान हलवली. बाई तडक टकटकरावांच्या घरात शिरल्या, मी मागोमाग. टकटकराव हातात चहाचा कप घेऊन उभेच राहिले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चादर टाकलेल्या मशीनजवळ गेल्या आणि वहिनींना म्हणाल्या, “मजला तुम्हाला दिला. थंडीच्या आत या. यांना आणायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.”

टकटकरावांनी कप खाली ठेवला. “एक मिनिट. एवढ्या लांबून स्वतः आलात? दोन आठवडे मजला दुसऱ्या कुणी घेतला नाही? का बरं?”

“कारण मी प्रत्येकाची अशीच चौकशी करते,” बाई म्हणाल्या. “रस्ता झाल्यापासून तुम्ही पहिलेच, जे पास झाले. ते पण काठावर.”

टकटकराव इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही न वाजवता उभे राहिलेले मी पाहिले. फरशीला तपासनिसाच्या तळहातावर काय वाटत असेल, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी हळूच वहिनींकडे पाहिलं.

“मग? मला नेणार ना?”

वहिनी उठल्या. मशीनवरची चादर त्यांनी ओढून काढली, झटकली, धुळीने खोकल्या, आणि खोकता खोकताच नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. उजव्या हाताच्या बोटाचं पेर त्यांनी त्यांच्या टकलावर टक् टक् वाजवलं आणि कान लावला.

“बद्द वाजतंय,” त्या बाईंना म्हणाल्या. “पण तडा नाही. चालेल.”