जुळलेली रेघ

ऑफिसात तिला सगळे खडूस म्हणत, आणि तोंडावर म्हटलं तरी तिला चालत असे. हांजी हांजी करणाऱ्यांचा तिला मनापासून तिटकारा होता.

तिचं काम सांगायला सोपं. अणुभट्टीत इंधन भरलेल्या बारीक नळ्यांची जुडी असते, प्रत्येक नळीला तार गुंडाळलेली, आणि फटींतून वितळलेलं शिसं वाहत उष्णता घेऊन जातं. कुठली नळी किती तापेल हे ती कॉम्प्युटरवर काढायची. आई विचारायची, "इतकी वर्षं नळ्याच तापवतेस का गं?"

"तू ढवळत असतेस तरी दूध एका कोपऱ्यात करपतं ना? तो कोपरा शोधते."

त्या वर्षी परीक्षाच ठरली. एका प्रयोगशाळेने खरी जुडी बांधून तीत शिसं खेळवलं आणि मोजमापं कुलूपबंद ठेवली. सगळ्या गटांनी आपलं उत्तर आधी पाठवायचं, एकमेकांचं बघायचं नाही. वाहताना उठणारे भोवरे किती उष्णता नेतात याचा, पाण्यासाठी ठरलेला एक आकडा बहुतेक जण शिशालाही डोळे झाकून लावत. खडूसने लावला नाही. पाण्यातले भोवरे नेतात तेवढी उष्णता शिशातले नेत नाहीत. तिच्या उत्तरात जुडीभोवतालच्या भिंतीलगतची नळी भलतीच तापली.

साहेब हसत हसत आले. "अगं, तापमानाच्या आलेखात बाकी सगळ्यांच्या रेघा एकावर एक बसतात. आपलीच वर लोंबकळतेय."

"तुम्ही बघितल्यात? बघायच्या नव्हत्या ना?"

"सगळेच बघतात. तोच आकडा घाल, नाहीतर माझी सही मिळणार नाही."

सहीशिवाय उत्तर जात नव्हतं. ती आठवडाभर भांडली. पण सगळे चुकले आणि आपण एकटीच बरोबर, असं शेवटपर्यंत म्हणायची तिची छाती झाली नाही. तिने आकडा घातला. रेघ निमूट खाली येऊन बाकीच्यांत बसली. तिला साहेबांची किळस आली, मग स्वतःची, आणि स्वतःची काही केल्या जाईना. घरी ताटावरून न जेवता उठली.

निकालाला सगळे गट एका हॉलमध्ये जमले. पडद्यावर सगळ्यांच्या रेघा मिळून एकच जाड रेघ दिसली. टाळ्या पडल्या. मग प्रयोगाचे ठिपके आले ते पार वर, तिची रेघ आधी होती तिथे.

प्रयोग करणाऱ्या बाईंनी चष्मा काढला. "भिंतीलगतची नळी इतकी तापेल, हे एकालाही दिसलं नाही?"

साहेबांनी कोपराने ढोसलं. "सांग ना, आपल्याला दिसलं होतं म्हणून!" एवढ्यातच "आपल्याला" झालं होतं. ती उठली.

"मला दिसलं होतं."

"मग पाठवलं का नाही?"

"बाकीच्यांशी जुळत नव्हतं."

बाकीच्यांची उत्तरं तिला आधीच कशी कळली, हे एकानेही विचारलं नाही.