ठकूबाई

संगणकाला जात कळत नाही, असं आमचे साहेब नेहमी सांगत. खरं असेल. पण प्रोग्राम तपासायला संगणक बसत नसे, साहेब बसत.

अंधेरीचं ऑफिस. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. प्रोग्रामचे छापील कागद टेबलावर पसरायचे, एकाने ओळ न् ओळ मोठ्याने वाचायची. ज्याने लिहिलं त्याने गप्प बसायचं. अशी पद्धत.

त्या दिवशी माझा पगाराचा प्रोग्राम होता. माझ्याबरोबर काम करणारा नाईक वाचत होता. हिशेबात कुठेच न बसणारे उरलेसुरले आकडे साठवायला मी प्रोग्राममध्ये एक जागा केली होती. तिला नाव दिलं होतं ठकूबाई.

नाईक थांबला. "ही कोण रे?"

"माझी आई."

आई चांदिवलीच्या खाणीत खडी फोडायची. घरात सगळ्यांचं झालं की पातेल्यात उरेल ते खायची. काही महिन्यांपूर्वी गेली. तिच्यासाठी दुसरी जागा मला सुचली नव्हती.

"उरलंसुरलं तिच्याकडे?" साहेब म्हणाले. "बरोबर माणूस नेमलास."

"केरपण काढेल ना, साहेब!" नाईक.

सगळे हसले. माझ्या शेजारी बसून रोज डबा खाणारासुद्धा.

आम्ही बौद्ध. आडनावावरून साहेबांना ते पहिल्याच दिवशी कळलं होतं.

"तुमच्यात चालत असतील अशी नावं," ते म्हणाले. "क्लायंटपुढे शोभत नाहीत. लक्ष्मी कर."

"तुमच्या प्रोग्राममध्ये गजानन आहे, साहेब."

"ते वेगळं. ती संस्कृती."

मी पेन्सिल उचलली. नोकरी अजून कायम व्हायची होती, सही साहेबांचीच. नावावर रेघ मारायला टोक टेकवलं. खाणीतला मुकादम तिला जन्मभर 'ए' म्हणाला. तिचं नाव पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्याने वाचलं होतं, आणि ते हसण्यासाठी.

पेन्सिल खाली ठेवली.

"खोडणार नाही. माणसांची नावं नकोत, तर सगळ्यांची काढा. देवांचीही."

"कायम व्हायचंय ना तुला?"

"व्हायचंय. पण तिला खोडून नाही."

नाईक पुढची ओळ वाचू लागला. तेव्हाच ठरवलं: यापुढे माझ्या माणसांची नावं मी हळू आवाजात सांगणार नाही.

महिनाअखेर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. कामात दोष नाही, म्हणाले. शैली बसत नाही. कायम करायच्या कागदावर सही केली नाही.