सरळबाईंची उजवी बाजू

गॅरेजच्या वरच्या खोलीत रोज सकाळी योगाचा वर्ग भरायचा. खाली स्कूटरींची ठोकाठोक, वर सतरंज्या, आणि समोर ताठ बसलेल्या बाई. "सरळ बसा, सरळ!" असं त्या इतकं कानीकपाळी ओरडायच्या की लोकांनी त्यांचं नावच सरळबाई ठेवलं. बाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

बाईंचा सगळा जीव वक्रासनावर. एक पाय लांब, दुसरा गुडघ्यात मुडपून उभा, श्वास सोडत कमरेपासून वळायचं, मान सगळ्यात शेवटी. फायदे तर तोंडपाठ. "पाठ मोकळी होते, पोट हलकं होतं, बसून काम करणाऱ्याची कंबर धरत नाही. अहो, हाताने ओढू नका! पाठ म्हणजे काय पिळायचं धुणं आहे?" लोक हसायचे. आणि गुण यायचा हो! शिंपीकाका पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना धड मागे वळता येत नव्हतं. आता मशीनवर बसल्या बसल्या मागच्या गिऱ्हाइकाशी गप्पा मारत होते.

आता एक गंमत ऐका. गंमत कसली, घातच तो. शिकवणारा लोकांकडे तोंड करून बसतो, म्हणून बाई तोंडाने उजवा पाय म्हणायच्या आणि स्वतः डावा उचलायच्या, डावीकडे वळायच्या. समोरच्यांना आरशात बघितल्यासारखं सोपं जायचं. मग टाळी वाजवून "आता दुसरी बाजू, तुमची तुम्ही" म्हणत उठायच्या आणि सतरंज्यांमधून फिरत एकेकाचे खांदे नीट करायच्या. लेक शाळेत होती तेव्हापासून ती मदतीला शेजारी बसायची. आईबरोबर वळायची, आईबरोबर उठायची. तिचं लग्न झालं तरी हा रिवाज मोडला नाही. लोकांची दुसरी बाजू व्हायची. बाईंची कधीच नाही.

एके दिवशी शिंपीकाका म्हणाले, "बाई, दुसरी बाजू एकदा तुम्हीच करून दाखवा ना. माझं काहीतरी चुकतंय."

बाई बसल्या, उजवीकडे वळल्या. खांदे गेले, पाठ जागची हलेना. सगळ्यांसमोर लाज वाटली आणि जे करू नका म्हणून जन्मभर ओरडल्या तेच त्यांनी केलं. गुडघ्याला हात लावला आणि ओढलं. पुढच्या क्षणी बाई किंचाळल्या. गॅरेजवाल्याने आणि शिंपीकाकांनी त्यांना उचलून खाली आणलं.

डॉक्टर म्हणाले, "या बाजूने पाठ केव्हाच आखडलीय. झीज जुनी आहे. दुखणं कमी होईल, पण वळणं आता विसरा."

बाईंनी हातपाय गाळले. नवऱ्याने मागून हाक मारली की दारासारखं अख्खं अंग फिरवावं लागे. त्याचा राग यायचा, स्वतःचा त्याहून जास्त. लोकांच्या पाठी मोकळ्या करत बसले आणि आपलीच वाळवली! भिंतीकडे तोंड करून त्या ढसाढसा रडायच्या. उरली होती ती एकच आशा, लेक वर्ग पुढे चालवील. तेवढं झालं तर आयुष्य अगदीच मातीत गेलं नाही, असं म्हणता येईल.

लेकीने वर्ग घेतला. बाई बघायला गेल्या, कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या. लेक डावीकडे वळली. काय सुरेख वळली! बाईंचा ऊर भरून आला. मग तिने टाळी वाजवली, "आता दुसरी बाजू!" आणि उठली.

बाई कोपऱ्यातून ओरडल्या, "उठू नकोस. तू करून दाखव."

"आई, लोक थांबलेत गं."

"बस म्हणते ना!"

लेक बसली. उजवीकडे वळली. खांदे गेले, मान गेली. बाई कशाबशा उठल्या, तिच्यापर्यंत गेल्या आणि तिच्या पाठीवर तळवा टेकला. हाताखाली काहीच हललं नाही.

"दुखतं का गं?"

"दुखतं ना," लेक हळूच म्हणाली. "लग्नाच्या आधीपासून. मला वाटलं, तिकडे असंच असतं. तू तरी कुठे कधी वळायचीस?"