ओसरीतलं मशीन

भीमराजचं मिलिंग मशीन गेली नऊ वर्षं ओसरीत आडवं पडलेलं आहे, तेही नुसतं खडूनं काढलेलं. कागदावर माप चुकतं असं त्याचं ठाम मत, म्हणून सहा फुटी मशीन सहा फुटीच काढलं. त्याची बायको रुपीबाई दर आठवड्याला त्याच्या कडेकडेनं सारवते. तांड्यात आलेला पाहुणाही ते चित्र ओलांडत नाही, वळसा घालून बसतो.

पुसदला भीमराजचं लेथचं दुकान. थ्रेशरच्या शाफ्टवर चाक घट्ट बसावं म्हणून चावीची खाच पाडायची तर ती तो हातानं, कानशीनं पाडतो. मिलिंग मशीन असतं तर लोखंड टेबलावर बांधायचं, चाक फिरवून पुढे सरकवायचं आणि फिरत्या कटरनं खाच पाडायची. तीस वर्षं कानस ओढून उजवा खांदा पार कामातून गेला. आता मशीन झालं तरच दुकान चालणार, नाहीतर कुलूप. हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

गाडं अडलं होतं ते मशीनच्या बैठकीवर, सगळा भार पेलणाऱ्या खालच्या पायावर. दोनदा त्यानं लोखंडी चॅनल वेल्डिंग करून बैठक केली. दोन्ही वेळा ती थंड होताना पिळली. मग कळलं, बैठक बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची हवी, आणि बीडही जुनं, वर्षानुवर्षं ऊनपाऊस खाऊन शांत झालेलं. तेव्हापासून एकही भंगारवाला त्यानं सोडला नाही.

परवा नेरला एका बंद जिनिंग कारखान्यातलं बिडाचं धूड असल्याचं कळलं. भीमराज बसनं गेला. आत तडा नाही ना, हे ठोकून बघायला हातोडा उचलला, पण हात छातीच्या वर जाईना. शेवटी भंगारवाल्या उत्तमसिंगनंच ठोका दिला. आवाज घंटेसारखा खणखणीत आला. भीमराजनं रॉकेल चोळलं, पुसलं, वर खडूची भुकटी टाकली. तडा असता तर तेलाची रेघ उमटली असती. एकही उमटली नाही. इतकी वर्षं शोधलेली वस्तू समोर होती आणि त्याला नुसतं खाली बसावंसं वाटलं.

घरी आला तेव्हा रुपीबाई शेणाची बादली घेऊन सारवायला बसली होती.

"भेटलं नाही का?" तिनं विचारलं.

"भेटलं."

"मंग तोंड काहून उतरलं?"

तो चित्रातल्या चाकाकडे बघत राहिला. उजव्या बाजूचं, वीतभर रुंदीचं चाक.

"हे चाक मले फिरवनं होत नाही आता. हातच उचलून नाही राह्यला."

रुपीबाईनं शेणात हात बुडवला. नऊ वर्षं जिथे तिनं बोट लावलं नव्हतं, तिथे तिनं हात फिरवला आणि चाक तेवढं सारवून टाकलं.

"डाव्या अंगाले काढा," ती म्हणाली.

चाक डावीकडे म्हणजे मोटर उजवीकडे, पट्टा उलटा, सगळी मापं पुन्हा पहिल्यापासून. भीमराज मनातून पार थकून गेला. तरी भिंतीला टेकून बसून त्यानं खडू डाव्या हातात धरला. चाक वाकडं आलं. पुसून पुन्हा काढलं, तेही वाकडंच आलं. रुपीबाई बादली बाजूला ठेवून टेपचं टोक धरायला खाली बसली.