मोटारीच्या खोलीतला भाऊ

कोरोना हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो २००३ साली, माझ्या लग्नाच्या तोंडावर, आणि तोही आमच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतून.

धाकटा भाऊ सिंगापूरला जहाजांच्या यार्डात वेल्डर होता. तिकडे सार्सची साथ आली होती. तो निघाला त्याच दिवशी त्याच्या बराकीतला एक जण तापाने दवाखान्यात गेला. पुढे काय निघालं ते कळायला मार्ग नव्हता. भावाला ताप नव्हता, विमानतळावर मोजूनच सोडलं होतं. तरी हा पठ्ठ्या मास्क लावून दौंडला उतरला आणि घरात न शिरता थेट रानात, मोटारीच्या खोलीत दहा दिवस एकटा राहायला गेला. आई भाकरतुकडा घेऊन दारात उभी ती उभीच.

मला भयंकर राग आला. त्याचे दिवस भरायच्या आत माझं लग्न होतं, आणि नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊच लागतो. भावकी म्हणाली, पोराला परदेशात शिंगं फुटली.

आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, मात्र ते मनावर घेतलं. ते कुरकुंभच्या केमिकल कंपनीत शिफ्टला जायचे. तिथे गॅस गळला तर आधी वारा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे बघायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांनी जुन्या लेंग्याचा पाय कापून बांबूला बांधला आणि खोलीच्या छपरावर उभा केला. डबा न्यायचा तो वारा पाठीशी घेऊनच. वारा फिरला की आम्ही अख्ख्या उसाला वळसा घालायचो.

"आप्पा, ह्यो काय गॅस न्हाई," भाऊ आतून ओरडायचा. "कोरोना जातीचा विषाणू हाय. नवा हाय, म्हणून कुणाच्याच अंगात त्याला आडवायची ताकद न्हाई. खोकल्या-शिंकल्याच्या थेंबातनं जवळच्याला लागतो. लांब ऱ्हावा, हात धुवा."

"व्हय, पर वारा बघाया काय जातंय?"

एकदा मी म्हटलं, "ताप न्हाई तर ये की मांडवात."

"आज न्हाई, उद्या आला तर, ताई? मांडवात समदं गाव आसंल."

त्याचा आवाज घोगरा झाला आणि मी घाबरले. पण तो रडत होता. माझा राग तिथेच संपला.

लग्न लागलं. कान पिळायला चुलतभाऊ पुढे झाला, तर नवरदेव म्हणाले, "थांबा." मुंडावळ्यांसकट ते रानाकडे निघाले, मागे मी, मागे वऱ्हाड. आप्पा पळत पुढे गेले, लेंग्याकडे बघितलं आणि आम्हाला वारा पाठीशी घेऊन बांधावर उभं केलं. नवरदेवांनी स्वतःचाच कान धरला.

"सांगा मेव्हणं, किती पिळू?"

"जोरात, दाजी!" भाऊ दारातून ओरडला. "आमच्या ताईला संभाळायचंय!"

कान लालबुंद झाला. मला नवऱ्याचं कौतुक वाटलं, पण जास्त अभिमान वाटला तो मास्कच्या आड रडणाऱ्या त्या पोराचा.

भावाचे दिवस भरले, साधी शिंकही आली नाही. मग तो शिरूरला माझ्या सासरी आला, आणि पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी त्याने दाजींचा दुसरा कान पिळला.